दाण्यातले लोह, मातीतले जस्त : प्रस्तावना

लातूर-नांदेडच्या काळ्या रानात लोहाची कमतरता आहे, हे विधान भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसाला सहजी पटणार नाही. ज्या बसाल्ट खडकाच्या झिजेतून ही जमीन तयार झाली, त्यात लोहाचे प्रमाण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. जस्तही किलोमागे शंभरेक मिलिग्रॅम सापडते. तरीही चुनखडीयुक्त रानात सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि शेतकऱ्याला फेरस सल्फेटची फवारणी करावी लागते. त्याच रानातली ज्वारी दळून घरी भाकरी होते. त्या भाकरीतही लोह असते, आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. शेत आणि घर या दोन्ही ठिकाणी कोडे एकच आहे. पदार्थ हाताशी आहे, पण ज्याला तो हवा आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. खनिजे आणि सूक्ष्ममूलद्रव्ये मोजण्याचे शास्त्र या कोड्यापाशी येऊन खऱ्या अर्थाने अवघड होते. एखाद्या वस्तूत किती आहे हे सांगणे आज यंत्रांमुळे बरेच सोपे झाले आहे. त्यातले किती सुटून पुढे जाते, हे मात्र प्रत्येक पायरीवर नव्याने मोजावे लागते, आणि या दोन आकड्यांची गल्लत झाली की चांगल्या हेतूने केलेले कामही चुकीच्या दिशेने जाते. या प्रस्तावनेत जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पुढचे सगळे त्याच्या पुराव्यासाठी.

जगात या मोजणीचा सर्वाधिक अभ्यास झालेल्या पदार्थांपैकी एक म्हणजे कॉफी. कॉफीचे बी जाळले तर साधारण चार टक्के राख उरते आणि त्या राखेचा सर्वांत मोठा भाग, जवळजवळ चाळीस टक्के, पोटॅशियम असतो. बाकीच्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फरस, आणि अगदी थोडे मँगेनीज, रुबिडियम, बोरॉन, लोह, तांबे. पण कॉफी कोणी चावून खात नाही. गरम पाण्यात तिचा अर्क उतरवून पितात. त्या पाण्यात पोटॅशियम बहुतेक सगळे उतरते, लोह आणि कॅल्शियम मात्र पुष्कळसे चोथ्यातच राहतात. म्हणजे भुकटीतल्या लोहाचा आकडा पेल्यातल्या लोहाबद्दल फार थोडे सांगतो. आपल्याकडच्या चहाचेही तसेच. चहाचे झाड जमिनीतले फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम पानांत साठवते. त्यातले फ्लोराइड उकळत्या पाण्यात सहज उतरते, ॲल्युमिनियम त्या मानाने बरेच कमी. ज्वारी, तूर आणि विहिरीचे पाणी यांच्याकडे वळण्याआधी कॉफीचे हे उदाहरण मनात ठेवलेले बरे, कारण तिच्यात चोथा आणि अर्क डोळ्यांना वेगळे दिसतात. भाकरीत ते दिसत नाहीत.

मोजणीच्या साधनांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८६० च्या सुमारास बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ज्योतीत जळणाऱ्या क्षाराचा प्रकाश लोलकातून पाहून मूलद्रव्य ओळखण्याची रीत घालून दिली. सीझियम त्यांना अशाच रीतीने झऱ्याच्या पाण्यात सापडले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५५ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांनी उलटा विचार केला. अणू किती प्रकाश सोडतात याऐवजी किती शोषतात हे त्यांनी मोजले, आणि ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन हे यंत्र प्रयोगशाळांत पोचण्याची वाट मोकळी झाली. आजही आपल्या कृषी महाविद्यालयांत जस्त, लोह, तांबे, मँगेनीज मोजायला बहुतेक हेच यंत्र वापरतात. एका मूलद्रव्याला एक दिवा, एका वेळी एकच मोजणी. १९६० च्या दशकात आर्गॉन वायूच्या प्लाझ्माचा उपयोग सुरू झाला आणि १९८० मध्ये त्याला वस्तुमानमापक जोडला गेला. त्यानंतर एकाच नमुन्यात अनेक मूलद्रव्ये अब्जांशापर्यंत मोजणे शक्य झाले. क्ष-किरणांचे प्रतिदीप्ती यंत्र तर दाणे न जाळता, आम्लात न विरघळवताच लोह-जस्ताचा अंदाज देते. पैदासकारांना हजारो वाणांतून निवड करायची असते, त्यांना ते फार सोयीचे. यंत्रांच्या या प्रगतीमुळे एक समज मात्र नकळत पक्का झाला, की आकडा जितका बारीक तितका तो खरा. चूक बहुधा यंत्राच्या आधीच झालेली असते. पोत्याच्या तोंडाशी असलेले मूठभर दाणे उचलले, खळ्यावरची धूळ न झटकता दळले, लोखंडी पात्याच्या मिक्सरमध्ये पीठ केले, तर जगातले सर्वांत महाग यंत्रही त्या धुळीचे आणि पात्याचे लोह प्रामाणिकपणे मोजून देईल. म्हणून जाणते विश्लेषक नमुन्यात लोहाबरोबर ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमही तपासतात. ही दोन मूलद्रव्ये मातीत भरपूर आणि दाण्यात नगण्य असतात. ती वाढलेली दिसली की लोहाचा आकडा मातीचा आहे, दाण्याचा नाही.

मातीकडे पाहणाऱ्यांनी ही अडचण सर्वांत आधी ओळखली. लीबिगच्या काळापासून वनस्पतीची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर अडते हे माहीत होते, आणि जस्त वनस्पतीला अत्यावश्यक आहे हे १९२६ मध्ये सॉमर आणि लिपमन यांनी सिद्ध केले. भारतात या प्रश्नाला खरे तोंड फुटले ते १९६६ मध्ये, जेव्हा पंतनगरला य. ल. नेने यांनी भातावरचा ‘खैरा’ हा रोग मुळात जस्ताची उपासमार आहे हे दाखवले. रोग समजून औषध शोधत बसलेल्यांना उत्तर जमिनीत मिळाले. पण जमिनीत जस्त किती, हा प्रश्न विचारून चालणार नव्हते. एकूण जस्त तर पुष्कळच होते. १९७८ मध्ये लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी डीटीपीए या द्रव्याची चाचणी प्रमाणित केली. १० ग्रॅम माती २० मिलिलीटर द्रावणात दोन तास हलवायची, गाळायची आणि गाळलेल्या पाण्यात सुटून आलेले जस्त, लोह, तांबे, मँगेनीज मोजायचे. द्रावणाचा सामू ७.३ ठेवलेला असतो आणि त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते. चुनखडी विरघळून तिच्या पोटात अडकलेली द्रव्ये उगाच मोजली जाऊ नयेत, यासाठी ही योजना आहे. मराठवाड्याच्या जमिनींसाठी ही बारीक गोष्ट फार मोलाची आहे, कारण इथे सामू आठच्या आसपास आणि चुना मुबलक, आणि अशा जमिनीत लोह व जस्त मुळांना न मिळणाऱ्या रूपात जातात. जस्तासाठी किलोमागे ०.६ मिलिग्रॅम आणि लोहासाठी ४.५ मिलिग्रॅम ही मर्यादा आपल्याकडे सर्रास वापरतात. शंभर मिलिग्रॅम जस्त असलेल्या मातीत प्रश्न या ०.६ चा असतो. माती परीक्षणवाल्यांनी ‘एकूण’ सोडून ‘उपलब्ध’ हा शब्द स्वीकारला, हे त्यांच्या शाखेचे मोठेपण. १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेतल्या बारा बाबींमध्ये जस्त, लोह, तांबे, मँगेनीज आणि बोरॉन आले, आणि हा शब्द गावोगावी पोचला.

अन्नाकडे पाहणाऱ्यांची परंपरा निराळी. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पत्रिका काढली. ती संस्था पुढे हैदराबादला येऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली, आणि गोपालन यांच्या नावाने ओळखला जाणारा कोष १९७१ पासून आहारतज्ज्ञांच्या टेबलावर आहे. या कोष्टकांनी देशाला फार मोठे साधन दिले. मात्र ती ‘एकूण’ सांगतात. शिवाय तो एकूणही स्थिर नसतो. ज्वारीत १०० ग्रॅममागे ५.८ मिलिग्रॅम लोह असल्याची नोंद जुन्या कोष्टकात होती. नव्या विश्लेषणानंतर सुधारित आवृत्तीत ती ४.१ झाली, आणि २०१७ च्या भारतीय अन्नघटक कोष्टकात ३.९५. ज्वारी बदलली असे कोणी म्हणणार नाही असे नाही, कारण वाणही बदलले. पण वर सांगितलेल्या खळ्याच्या धुळीला आणि लोखंडी पात्याला या घसरणीच्या हिशेबातून वगळता येत नाही. ज्या काळात आकडा मोठा होता त्या काळात आपण निश्चिंत होतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिसरी शाखा शरीराची, आणि जस्ताच्या बाबतीत तिची सुरुवात एका भारतीय डॉक्टरच्या निरीक्षणाने झाली. मूळ बिहारचे आनंद प्रसाद १९६० च्या सुमारास इराणमधल्या शिराजजवळ वाढ खुंटलेले तरुण तपासत होते. त्यांच्या आहारात न आंबवलेली गव्हाची रोटी भरपूर होती. त्या रोटीत जस्त नव्हते असे नाही. दाण्यात फॉस्फरस साठवून ठेवणारे फायटेट त्या जस्ताला धरून ठेवत होते, आणि आतड्यात ते सुटतच नव्हते. माणसालाही जस्ताची कमतरता होऊ शकते हे जगाला यातून कळले. पुढे फायटेट आणि जस्त यांचे रेणूगुणोत्तर काढण्याची पद्धत आली. ते १५ च्या वर गेले तर शोषण फार कमी होते असे मानतात. ज्वारी, तूर, सोयाबीन या तिन्हींत फायटेट आहे. त्यात चहा आणि कॉफीची भर. १९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतल्याने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहाने ६४ टक्क्यांनी घटले. म्हणजे पेल्यातली खनिजे मोजून कॉफीचा हिशेब पुरा होत नाही. ताटातल्या भाकरीचे जे तिने अडवले तेही तिच्या नावे मांडायला हवे. उलट बाजूने आपल्या स्वयंपाकात शोषण वाढवणाऱ्या गोष्टीही आहेत. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, रानात नेली जाणारी अंबील म्हणजे ज्वारीचे पीठ ताकात आंबवलेले. आंबवताना दाण्यातले आणि जिवाणूंचे विकर फायटेट तोडतात. त्याच ज्वारीची, तेवढ्याच लोहाची अंबील आणि भाकरी शरीराला सारखे लोह देत नाहीत, आणि कोष्टकात मात्र दोघींची ओळ एकच असते. लिंबू, चिंच, मोड आलेली मटकी यांचेही तसेच. ही पाककृती कोणी जस्तासाठी शोधली नव्हती हे खरे; तिचा उपयोग त्यामुळे कमी होत नाही.

पाण्याचे उदाहरण या सगळ्याच्या उलट आहे, म्हणूनच ते महत्त्वाचे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, किनवट, बिलोली, देगलूरच्या बाजूला, बसाल्ट संपून ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक लागतात. अशा खडकांतल्या खोल पाण्यात फ्लोराइड उतरते, विशेषतः पाण्यात कॅल्शियम कमी असेल तेव्हा. पाण्यातले फ्लोराइड आधीच सुटे असते. त्याला फायटेट अडवत नाही, ते जवळजवळ सगळेच शरीरात जाते. इथे एकूण आणि उपलब्ध यांत फारसे अंतर उरत नाही, म्हणून लीटरमागे १ मिलिग्रॅम हितकर आणि १.५ मिलिग्रॅम कमाल ही मर्यादा सरळ वापरता येते. पण तिथेही दाण्याचा संबंध सुटत नाही. शेजारच्या तेलंगणातल्या फ्लोराइडग्रस्त नलगोंडा भागात १९७३ मध्ये कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी मुलांचे गुडघे आत वळण्याचा विकार नोंदवला. त्याच्या पाठोपाठ राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या देवस्थळे आणि सहकाऱ्यांनी त्या भागातल्या ज्वारी, बाजरी आणि तांदळातले तांबे, मॉलिब्डेनम आणि जस्त मोजले. ज्या गावात पाणी तपासून प्रश्न संपला असे वाटले असते, तिथे त्यांनी ताटही तपासले. या देशात सूक्ष्ममूलद्रव्यांवर झालेल्या कामांपैकी मला हे सर्वांत शहाणे काम वाटते. नागपूरच्या नीरीने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत दिली, तीही त्याच काळातली.

गेल्या पंधरा वर्षांत या तिन्ही शाखा वाणांच्या प्रश्नावर एकत्र आल्या. २०१२ मध्ये महाराष्ट्रात जास्त लोहाची ‘धनशक्ती’ बाजरी आली. २०१८ मध्ये इक्रिसॅट आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. नेहमीच्या ज्वारीत लोह ३० आणि जस्त २० पीपीएम धरले तर तिच्यात ४५ आणि ३२ असल्याचे पैदासकार सांगतात. पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम, तेव्हा हिशेब सोपा आहे. दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी पोटात गेली तर एकीकडे १२ आणि दुसरीकडे १८ मिलिग्रॅम लोह. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लागते असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद सांगते. वाढ खरी आहे आणि मोठी आहे, पण ती अजून दाण्यातली वाढ आहे. ती रक्तात उतरते का, हे बाजरीच्या बाबतीत आपल्याच भागात तपासले गेले. बेळगावजवळच्या लहान मुलांवरच्या चाचणीत जास्त लोह-जस्ताच्या बाजरीतून शोषण वाढल्याचे दिसले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निवासी शाळेतल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी देऊन रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचे माप, मोजले; जास्त लोहाच्या बाजरीने ते सुधारले. धान्याच्या कोष्टकावर न थांबता रक्तापर्यंत गेलेला हा पुरावा आहे, आणि मराठवाड्याच्या ज्वारीसाठी आपल्याला नेमके असेच काम हवे. एक अडचण इथेच सांगून टाकावी. परभणी शक्ती खरिपाची आहे. लातूर-नांदेडच्या घरांत भाकरीसाठी मान रब्बीच्या ज्वारीला, त्यातही मालदांडीला. खरिपाचा दाणा परतीच्या पावसात काळा पडतो आणि बाजारात त्याचा भाव उतरतो. जस्त जास्त असलेला दाणा ताटात आलाच नाही तर पीपीएमचा उपयोग काय? शेतकऱ्याला दर दाण्याच्या रंगाला मिळतो, त्यातल्या लोहाला मिळत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. तो असा, की मूलद्रव्ये मोजत बसण्यापेक्षा लोकांच्या ताटात वरण, पालेभाजी, अंडी, फळे वाढवावीत; गरिबीचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. यातला पहिला भाग मान्यच आहे. लातूरच्या आडतीवर तूर आणि सोयाबीनचे ढीग लागतात आणि त्याच जिल्ह्यातल्या मजुराच्या घरी पातळ वरण असते, ही विसंगती कुठल्याही वाणाने भरून निघणार नाही. पण ताट सुधारले की नाही हे कळणार कशावरून? २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात रक्तातले जस्त मोजले, म्हणूनच किशोरवयीनांपैकी ३२ टक्क्यांत ते कमी असल्याचे कळले. उंची आणि वजन मोजून ते कधीच कळले नसते. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याला उत्तर असे, की महागडे यंत्र प्रत्येक तालुक्याला नको. नमुना नीट काढणे, तो धुळीपासून जपणे आणि त्यावर तारीख, वाण, रान व ओलावा लिहिणे एवढे गावपातळीवर झाले तर मोजणी परभणीला, लातूरला किंवा नांदेडच्या विद्यापीठात होऊ शकते. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम यांच्यासारख्या विषारी मूलद्रव्यांबाबत एकूण आकडाच पुरेसा नाही का, असेही विचारले जाते. सावधगिरी म्हणून मर्यादा एकूणवर बांधणे योग्यच. मात्र तांदळातल्या आर्सेनिकने दाखवले आहे, की तिथेही असेंद्रिय रूप किती हे वेगळे मोजल्याशिवाय धोका नीट कळत नाही.

या मोजणीचा एक उपयोग अगदी अलीकडचा. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. कूर्ग, चिकमगळूर, वायनाड, अरकू इथल्या कॉफींना ते २०१९ मध्येच मिळाले होते. मानांकन कागदावर असते. पोत्यातली डाळ खरोखर बोरसुरीची आहे हे कशावरून सांगायचे? कॉफीच्या बाबतीत जगभर रुबिडियम, मँगेनीज, बोरॉन यांच्या प्रमाणांची ठेवण पाहून मूळ प्रदेश ओळखण्याचे प्रयत्न झाले आहेत, कारण ही ठेवण खडक आणि जमिनीतून येते. तुरीसाठी हे जमेल का, हे आज सांगता येत नाही. डाळमिलमध्ये साल निघते आणि सालीबरोबर कॅल्शियमसारखी काही खनिजेही जातात, तेव्हा तुलना अख्ख्या तुरीची करायची की डाळीची, इथूनच सुरुवात करावी लागेल. ठेवण ओळखण्याच्या कामात मात्र एकूण आकडाच हवा असतो. कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा, याचे भान ठेवले तर दोन्ही आकडे आपापल्या जागी उपयोगी आहेत.

हे पुस्तक रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही आणि आहाराची मार्गदर्शिकाही नाही. एका मूलद्रव्याचा हात धरून ते बसाल्टपासून रानापर्यंत, रानातून दाण्यात, दाण्यातून काथवटीत, तव्यावर आणि शेवटी रक्तात जाते, आणि प्रत्येक उंबऱ्यावर किती मागे राहिले हे विचारते. ज्याने प्रयोगशाळा पाहिलेली नाही अशा कृषी सहायकाला, आशा कार्यकर्तीला, विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला ते वाचता यावे म्हणून आम्लांची आणि दिव्यांची माहिती जरुरीपुरतीच ठेवली आहे. त्यातल्या कोष्टकांत प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी दिल्या आहेत: नमुना कशाचा, मोजणी कोणत्या रीतीने, आणि वजन ओले की सुके धरले. ज्वारीत दहा-बारा टक्के ओलावा असतो. तेवढ्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे वेगळे दिसतात आणि त्यावर वाद होतात. जिथे मराठवाड्याची स्वतःची मोजणी उपलब्ध नाही तिथे रकाना रिकामा ठेवला आहे, दुसरीकडचा आकडा उसना आणून भरलेला नाही. असे रिकामे रकाने बरेच आहेत. हुरड्याच्या अवस्थेतल्या दाण्याचे फायटेट, येळवशीच्या अंबिलीतले सुटे जस्त, आणि किनवटच्या कूपनलिकेच्या पाण्यात शिजलेल्या वरणातले फ्लोराइड हे त्यांतले तीन.